धरणाच्या पाण्यावर पहिल्यांदा जाताय? बोट, कयाक आणि काठावरचा मुक्काम, नवख्यांसाठी सगळं एका जागी

थंडी पडायला लागली की मला दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा मेसेज येतो, की आम्हाला पण लेकवर जायचंय, कयाक चालवायचीय, टेंटमध्ये राहायचंय, कुठे जाऊ आणि काय काय लागतं. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतोय. मी पुण्यात राहतो त्यामुळे हे सगळं आपल्या इकडच्या पट्ट्यातलं आहे, म्हणजे पवना, उजनी, कोयनेचं शिवसागर आणि भंडारदरा.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आपण ज्याला लेक म्हणतो ते धरण आहे. तलावाचा काठ ठरलेला असतो, पिढ्यान् पिढ्या तिथेच असतो, हळूहळू खोल होत जातो. धरणाचं तसं नाही. पाणी आज जिथे टेकलंय तो आजचा काठ, महिन्याभराने तो पन्नास पावलं खाली गेलेला असतो. आणि पाण्याखाली जे आहे ती कुणाची तरी शेती होती, तिथे बांध आहेत, जुन्या विहिरी आहेत, झाडांची खोडं आहेत, रस्ते आहेत, देवळं आहेत. पवनेत वाघेश्वराचं देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात वर येतं, उजनीत पळसदेवचं जुनं देऊळ तसंच. देऊळ दिसतं म्हणून लोक फोटो काढायला जातात, पण त्याच पाण्याखालचा बांध आणि विहीर कुणाला दिसत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी मुळशीच्या बाजूला एका काठावर फेब्रुवारीत आम्ही चौघं पाण्यात उतरलो होतो, गुडघाभर पाणी होतं, पायाखाली कडक जमीन, अगदी अंगणात चालावं तसं चाललं होतं, आणि पुढचं पाऊल टाकलं तर खाली काहीच नाही. गुडघ्यावरून एकदम नाकापर्यंत. जुन्या भातखाचराचा बांध होता तो, एका पायरीवरून खालच्या पायरीवर गेलो इतकंच, पण ती पायरी पुरुषभर उंच होती. मित्राने दंड धरला म्हणून बाहेर आलो. तेव्हापासून धरणात पोहायला, डुंबायला, पाय सोडून "जरा पुढे जाऊन बघू" म्हणून मी उतरत नाही आणि तुम्हालाही हात जोडून सांगतो की उतरू नका. पोहायचं असेल तर टँक आहे. बोटीत, कयाकमध्ये, जॅकेट घालून पाण्यावर जा, त्यात मजा कमी नाहीये.

पहिली पायरी: तारीख ठरवायच्या आधी पातळी बघा

पावसाळ्यात पेपरात रोज धरणांची टक्केवारी येते, ती वाचायची सवय लावून घ्या, नंतर जलसंपदा विभागाचे आकडे ऑनलाइन पण मिळतात. १ टीएमसी म्हणजे १ अब्ज घनफूट, साधारण २८३१ कोटी लिटर. कोयना १०५ टीएमसीचं, उजनी ११७ टीएमसीचं, ही दोन आपली मोठी. एक गंमत लक्षात ठेवा, उजनी उन्हाळ्यात "मायनसमध्ये गेलं" असं वाचलं की लोकांना वाटतं धरण कोरडं पडलं. तसं नसतं, उजनीचा मृतसाठाच, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी, ६३ टीएमसीच्या आसपास आहे आणि टक्केवारी फक्त त्याच्या वरच्या पाण्याची मोजतात, त्यामुळे मायनसमध्येही समोर पाणीच पाणी दिसतं.

आता महिने. जुलै ते सप्टेंबर पाण्यावर जायचंच नाही, पाणी गढूळ असतं, लाकडं वाहून येत असतात, विसर्ग कधी वाढेल सांगता येत नाही. ऑक्टोबर माझा सगळ्यात आवडता, पाणी अगदी गवताच्या कडेला टेकलेलं असतं, चिखल नावाला नाही, कयाक गवतावरून ढकलली की थेट पाण्यात, डोंगर अजून हिरवे. फक्त परतीचा पाऊस दुपारी येतो त्यामुळे सकाळीच आटपायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा सीझन. मार्चपासून पाणी मागे सरकायला लागतं आणि मग सुरू होतो गाळ.

गाळाबद्दल थोडं जास्त सांगतो कारण नवीन लोक हमखास तिथेच फसतात. वरून तो वाळलेला दिसतो, भेगा पडलेल्या असतात, अगदी उन्हात वाळत घातलेल्या पापडासारखी कड वर वळलेली असते, वाटतं की यावरून बिनधास्त चालावं. पाण्याच्या जवळ जाल तसा वरचा थर तसाच दिसतो पण खाली लोण्यासारखा मऊ असतो. पाय गुडघ्यापर्यंत आत जातो आणि जोर करून एक पाय काढला की दुसरा आणखी खोल जातो. अडकलात तर झटके देऊ नका, मागे झुकून सरळ खाली बसा, कपड्यांची काळजी करू नका, अंगाचं वजन पसरलं की पाय हळूहळू हलवत सुटतो, जवळ वल्हं असेल तर ते आडवं ठेवून त्यावर जोर द्या. आणि मुळात उतरायची जागा निवडतानाच खडक किंवा मुरूम असलेली निवडा. गावातल्या गुरांची पाण्यावर जायची वाट असते ना, ती बघा, जनावर गाळात पाय घालत नाही.

दुसरी पायरी: पहिली फेरी दुसऱ्याच्या हातात वल्हं देऊन

कितीही हौस असली तरी पहिल्याच दिवशी स्वतः कयाक घेऊन निघू नका. आधी एकदा जाणत्या माणसाच्या बोटीत बसून या, पाण्याची नजर बसते. त्यासाठी भिगवणसारखी जागा नाही. पुण्यापासून सोलापूर हायवेने साधारण १०० किलोमीटर, भिगवण स्टेशन पण आहे, तिथून कुंभारगाव किंवा डिकसळला जायचं. तिथले मच्छीमार सीझनमध्ये पक्षी दाखवायला बोटी काढतात, आणि त्यांच्याइतकं त्या पाण्याचं ज्ञान कुणालाच नाही. बोट थोडी आत गेली की मामा इंजिन बंद करतात आणि बांबूने ढकलत नेतात, आणि मग जी शांतता होते, फक्त बोटीच्या फळीखाली पाणी चुळचुळतंय आणि लांबून रोहित पक्ष्यांचा कलकलाट. त्यासाठी पहाटे चारला उठून यावं.

रोहित म्हणजे फ्लेमिंगो, काहीजण अग्निपंख म्हणतात. तो उथळ पाण्यात उभा राहून मान उलटी करून चिखलातलं खाणं गाळून खातो, म्हणजे त्याला पाणी नडगीपर्यंतच हवं. त्यामुळे ज्या वर्षी उजनी तुडुंब भरलेली असते त्या वर्षी तो उशिरा दिसतो, कारण उथळ जागा सगळ्या बुडालेल्या असतात. पुन्हा तेच, पातळी बघून तारीख ठरवा. साधारण डिसेंबर शेवट ते मार्च धरून चाला. रोहित नाही मिळाले तरी चित्रबलाक असतात, शेकाट्या असतात, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब असतात, चक्रवाकाची जोडी असते, काळेभोर वारकरी तर शेकड्याने. नशिबात असेल तर कैकर पाण्यात पाय सोडून मासा उचलताना दिसतो, मला तीन वर्षांत एकदाच दिसलाय, अर्ध्या सेकंदाचं काम होतं, आणि मासा पंजात धरताना तो त्याचं तोंड पुढच्या दिशेला वळवून घेतो हे तेव्हा डोळ्यांनी बघितलं.

इथे तीनच गोष्टी पाळा. सूर्य पाठीमागे राहील अशी वेळ निवडा, म्हणजे सकाळी लवकर. भडक कपडे नको. आणि बोटवाल्या मामांना "जरा जवळ घ्या, उडवा ना, फ्लाइंग शॉट पाहिजे" असं अजिबात म्हणू नका. पक्षी हजारो किलोमीटरवरून खायला आलेला असतो, त्याला दिवसातून दहा वेळा उडवला तर तो खाणार कधी. कुरव पक्ष्यांना शेव-फरसाण टाकणारे पण बघितलेत, तेही नको. परत आल्यावर गावात घरगुती जेवण मिळतं, चिलापी फ्राय आणि ज्वारीची भाकरी, आधी सांगून ठेवलं की गरम मिळते.

तिसरी पायरी: लाइफ जॅकेट, नुसतं अंगावर अडकवलेलं नव्हे

जॅकेट घातलं म्हणजे झालं असं नसतं. एका कॅम्पवर मला जे जॅकेट दिलं होतं त्याचं मधलं बक्कल तुटलेलं होतं आणि तिथल्या पोराने पट्ट्याची गाठ मारून दिली, म्हणाला काही होत नाही सर. मी ते परत केलं, दुसरं मागितलं, पाच मिनिटं वाद झाला पण दुसरं मिळालं. तुम्हीही लाजू नका. जॅकेटवर किती किलोपर्यंत चालतं ते लिहिलेलं असतं, ते वाचा. सगळी बक्कलं लावून पट्टे ओढून घ्या आणि मग सोबतच्या माणसाला सांगा की खांद्याजवळ दोन्ही हातांनी धरून जोरात वर ओढ. जॅकेट वर सरकून हनुवटीला किंवा कानाला लागलं तर ते सैल आहे, पाण्यात पडल्यावर ते तोंडावर येणार. लहान मुलांना लहान मुलांचंच जॅकेट, त्याला पायांमधून जाणारा पट्टा असतो, तो लावायचा. मोठ्यांचं जॅकेट आवळून मुलाला घालणं म्हणजे न घातल्यासारखंच. आणि आतला फोम दाबून बघा, जुन्या जॅकेटमधला तो चेपून पाटीसारखा झालेला असतो.

ट्यूब, फुगवायची गादी, हवेची बदकं, हे धरणावर आणूच नका. वारा आला की गादी माणसासकट आत जाते, आणि तिच्यावर तुमचा काही ताबा राहत नाही.

दारूबद्दल एकच वाक्य, प्यायलेल्या माणसाबरोबर पाण्यावर जायचं नाही, मग तो कितीही जवळचा असो.

चौथी पायरी: कयाक

पवना त्यासाठी सोयीचं आहे. मावळात, कामशेत स्टेशनला उतरून पवनानगरला जीप मिळते नाहीतर लोणावळ्याकडून गाडीने. एका बाजूला लोहगड-विसापूर, समोर तिकोना, पाण्यात घुसल्यासारखा दिसणारा तुंग, असं चारी बाजूंनी किल्ल्यांच्या मधे हे पाणी आहे आणि आतपर्यंत शिरलेले बरेच फाटे आहेत, ते फाटे नवीन माणसाला बरे, तिथे वारा कमी लागतो. काठाला भाड्याने कयाक देणारे आहेत. पहिल्यांदा सिट-ऑन-टॉप घ्या, म्हणजे वर बसायची, आत पाय घालून बसायची नाही. दोघांची मिळाली तर उत्तम, जड आणि ताकदवान माणूस मागे, पुढचा ठेका धरतो, मागचा दिशा धरतो.

कपडे: जीन्स नको, ओली जीन्स शिशासारखी होते. पटकन वाळणारी पँट, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, दोरी असलेली टोपी, मागे पट्टा असलेल्या सँडल. काचा असतात काठाला, अनवाणी उतरू नका. फोन ड्राय बॅगमध्ये, आणि ती बॅग बांधलेली.

आता चालवायचं कसं. ताठ बसा, गुडघे थोडे वाकलेले, पाय खाचेत टेकवलेले. वल्हं खांद्यापेक्षा थोडं रुंद धरायचं, पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे. नवीन माणूस नुसत्या हाताने ओढतो आणि वीस मिनिटांत दंड भरून येतात. खरं काम कमरेचं आहे. डाव्या बाजूचं पातं पावलाजवळ पाण्यात घालताना डावा खांदा पुढे न्या, मग अख्खं अंग फिरवत पातं मागे आणा आणि कमरेजवळ आलं की बाहेर काढा, त्याच्या मागे ओढत नेऊ नका, तिथे जोर फुकट जातो आणि कयाक वळते. जात्यावर बसलेल्या बाईचं अंग जसं सगळंच्या सगळं फिरतं, नुसता हात फिरत नाही, तसं. वळायचं असेल तर उलट्या बाजूने लांबून अर्धगोल वल्हं मारायचं. थांबायचं असेल तर एकदा डावीकडे एकदा उजवीकडे उलटं मारायचं. हे तिन्ही काठापासून वीस-पंचवीस फुटांत, अर्धा तास नुसतं घोटवा, मगच पुढे.

खूपजण म्हणतात आम्हाला पाण्याची सवयच नाही, आमचं गाव दुष्काळी. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, तिकडे पाण्याचे किती हाल असतात सगळ्यांना माहितीये. सैन्यात भरती झाल्यावर तो रोइंग शिकला, २०१६ ला रिओ ऑलिंपिकला गेला आणि २०१८ च्या एशियन गेम्समध्ये चौघांच्या टीमबरोबर सोनं घेऊन आला. रोइंग आणि कयाक वेगळं, पण वय वाढल्यावर पाणी शिकता येतं याला आणखी काय पुरावा पाहिजे.

पडायची प्रॅक्टिस पण करा, आणि मुद्दाम करा, काठाजवळ, भाड्याने देणाऱ्या माणसाच्या देखत, त्यानेच दाखवलेल्या जागेत, जॅकेट घालून. उलटली की पहिलं काम कयाक धरायची, दुसरं वल्हं. कयाक सोडून काठाकडे पोहत निघायचं नाही, काठ दिसतो त्यापेक्षा नेहमी लांब असतो आणि वाऱ्यावर कयाक तुमच्यापेक्षा जोरात पळते. ती सुलटी करा, मधोमध या, दोन्ही हात वर टेकवा, पाय मागे पाण्यात जोरात मारत पोट आडवं वर चढवा, पालथे पडल्यासारखे, मग कूस बदलून बसा आणि शेवटी पाय आत. पहिल्यांदा तीन-चार वेळा फसतं, मग जमतं. हे एकदा जमलं की मनातली अर्धी भीती जाते आणि हातही मोकळे चालायला लागतात.

धरणाच्या भिंतीजवळ, सांडव्याजवळ, विमोचक मनोऱ्याजवळ, म्हणजे धरणातून पाणी सोडतात त्या बुरुजाजवळ, जायचं नाही, तिथे बंदी असते आणि त्याला कारण आहे, खालून पाणी ओढलं जातं ते वरून कळत नाही.

पाचवी पायरी: वारा

लाटा नाहीत म्हणून लोक निर्धास्त असतात, पण या पाण्यावर खरा धोका वाऱ्याचा आहे. सकाळी आरशासारखं असतं, अकरा-बारा नंतर डोंगरांच्या खिंडीतून वारा सुरू होतो आणि दुपारी त्याच पाण्यावर पांढरी कड असलेल्या छोट्या लाटा दिसतात. त्यामुळे उजाडल्यावर निघायचं आणि दहाच्या आत परत. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, म्हणजे दमून परत येताना वारा मदत करतो. उलटं केलं तर जाताना वाटतं आपण काय भारी चालवतोय आणि परत येताना रडू येतं. आणि सगळं पाणी आडवं कापून पलीकडे जायचा मोह नको, काठाकाठाने फिरा, बघण्यासारखं सगळं काठालाच असतं.

एप्रिल-मे मध्ये तर जास्तच जपा. दुपारी उकडायला लागलं, वारा एकदम पडला, पश्चिमेला किंवा कुठल्याही बाजूला काळं भरून आलं की वळवाचं समजायचं. वळवाच्या आधी जो सुसाट वारा सुटतो तो पाच मिनिटांत पाणी उलटंपालटं करतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. रोजच्या वाटेवरची, रोजची बोट होती ती. त्यामुळे ढग दिसले आणि बोटवाले म्हणाले आज नको, तर वाद घालायचा नाही, आणि ते चला म्हणाले पण तुमच्या मनाला पटत नसेल तरी नाही म्हणायचं. गडगडाट ऐकू आला तर ताबडतोब काठ, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यावर नाही. एकट्या झाडाखाली पण थांबू नका, गाडीत बसा.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाण्यावर धुकं असतं, फोटोला सुंदर दिसतं पण आत गेल्यावर काठ कुठल्या बाजूला आहे कळेनासं होतं. धुकं उचलेपर्यंत चहा प्या.

कुणी बुडताना दिसलं तर उडी मारू नका, घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याला खाली दाबतो. दोरी टाका, वल्हं पुढे करा, झाकण लावलेला रिकामा कॅन फेका, ओढणी चालते. मदतीला ११२, अँब्युलन्सला १०८. रेंज कुठे येते ते पोचल्या पोचल्या बघून ठेवा, बऱ्याच काठांवर एकाच कोपऱ्यात येते.

सहावी पायरी: काठावर रात्र

पवनेच्या काठाला आता टेंटची रांगच असते. बुक करताना मोठ्या आवाजाची जागा टाळा, फोनवर सरळ विचारा की रात्री दहानंतर स्पीकर बंद असतो का. कायद्याने असायलाच पाहिजे. मी गावातल्या कुणाच्या तरी शेतातली छोटी जागा बघतो, आठ-दहा टेंट, जेवायला मावशींच्या हातचं पिठलं-भाकरी आणि ठेचा, आणि चुलीवरचं पाणी आंघोळीला. स्वतःचा टेंट असेल तरी जमीन कुणाची आहे ते विचारून, पैसे देऊनच लावा.

टेंट पाण्याला चिकटून लावू नका. फोटोला छान पण पहाटे दव आणि गारवा दोन्ही तिथेच जास्त, आणि अंधारात पोरं पाण्याकडे जातात ती काळजी वेगळी. चढावर, पाण्यापासून लांब, दार वाऱ्याच्या उलट बाजूला. जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी पडते, अंगावर घ्यायला दोन आणि अंगाखाली जाड एक, कारण थंडी जमिनीतून येते. चपला आत घ्या, सकाळी घालताना झटकून घाला, विंचू असतात. टॉर्च प्रत्येकाला वेगळी. शेकोटी केलीत तर निघताना पाणी ओतून, हात लावून बघून मगच पाठ फिरवा, वाळलं गवत पेटायला वेळ लागत नाही.

कचऱ्याचं मी जरा कळकळीने सांगतो. पवनेचं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून उचलून शुद्ध करून पिंपरी-चिंचवडच्या घराघरात जातं. माझी बहीण पिंपळे सौदागरला राहते, तिच्या माठात तेच पाणी. तुम्ही काठावर भांडी घासली साबणाने, डायपर टाकलं, बाटल्या फोडल्या, तर ते कुठल्या अनोळखी जागी जात नाही. एक जादा पोतं न्या, आपलं तर आणाच, निघताना समोर दिसेल ते चार माणसांनी दहा मिनिटं उचललं तरी पोतं भरतं. मासेमारीच्या जाळ्यांना हात लावू नका, पाण्यावर रिकाम्या बाटल्यांची रांग तरंगताना दिसली तर खाली जाळं आहे, कयाक वळसा घालून न्या. त्यावर कुणाचं तरी घर चालतं.

सातवी पायरी: बामणोली आणि वासोटा

एवढं सगळं जमलं की मग हा दिवस करा. साताऱ्याहून कासवरून बामणोली, साधारण ३५ किलोमीटर, घाटाचा रस्ता. समोर जे पाणी पसरलंय ते कोयनेचं बॅकवॉटर, शिवसागर. इथे कयाक वगैरे डोक्यातून काढा, पलीकडचं जंगल कोयना अभयारण्य आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग, तिथे वनखात्याच्या परवानगीने आणि गावच्या लाँचनेच जायचं.

आदल्या रात्री बामणोलीत मुक्काम करा, नाहीतर सकाळी लवकर पोचा. बोट क्लबवर पूर्ण बोटीचं भाडं असतं, त्यामुळे आठ-दहा जण जमवून जाणं परवडतं, एकटे-दुकटे असाल तर सकाळी तिथे दुसरा ग्रुप शोधा, बहुतेक वेळा लोक घेतात. वनखात्याच्या परवानगीसाठी सगळ्यांची नावं आणि ओळखपत्राची झेरॉक्स लागते. पावसाळ्यात बंद असतं, बाकी नियम बदलत राहतात म्हणून आठवडाभर आधी फोन करून विचारा.

लाँचने दीड तास लागतो. तो दीड तास फोन ठेवून द्या. दोन्ही बाजूला कांदाटी खोऱ्याचं जंगल सरळ पाण्यात उतरलेलं, मधेच एखाद्या टेकाडावर दोन घरं, धक्क्यावर उभी असलेली एखादी आजी, कारण आपल्यासाठी जी सहल आहे ती इथल्या लोकांची एसटी आहे. बाजार, शाळा, दवाखाना, सगळं याच पाण्यावरून. धरण झालं तेव्हा इथली कितीतरी गावं उठली, माणसं रायगड, ठाणे, सोलापूरकडे गेली, जी राहिली ती लाँचवर अवलंबून. त्यामुळे गावच्या माणसाला बोटीत जागा द्यायची वेळ आली तर सरकून बसा.

पलीकडे मेट इंदवलीला उतरलं की वनखात्याची चौकी. तिथे पिशव्या उघडून प्लास्टिकच्या वस्तू मोजतात, बाटल्या, वेफर्सची पाकिटं सगळं, डिपॉझिट घेतात आणि परत येताना तेवढंच सगळं दाखवलं की पैसे परत. मला हा नियम इतका आवडतो की तो सगळ्या किल्ल्यांवर पाहिजे. मी डबा, कापडी पिशवी आणि स्टीलच्या बाटल्याच नेतो, मोजायला दोन मिनिटं लागतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बोट अलीकडेच थांबते आणि गाळाच्या कडेने जास्त चालावं लागतं, पुन्हा पातळीचाच प्रश्न, म्हणून वासोटा नोव्हेंबर ते जानेवारीत.

चढ दोन-अडीच तासांचा, घनदाट झाडीतून, उन्हाचा कवडसा पण खाली पोचत नाही. प्रत्येकी तीन लिटर पाणी. ग्रुप सोडू नका, मोठ्याने बोलू नका, अस्वल आणि गवे आहेत या जंगलात. वर बिनछपराचा मारुती, महादेवाचं देऊळ, पाण्याची टाकी, आणि मग बाबू कडा. कड्याच्या टोकाला उभं न राहता पोटावर पडून बघा. समोर जुना वासोटा दिसतो, १८१८ ला इंग्रजांनी तिकडून तोफा डागून हा किल्ला घेतला होता. वरती जेवून दोनच्या आत उतरायला लागा, बोट ठरलेल्या वेळेला निघते आणि अंधार पडायच्या आत बामणोली गाठायची असते. वर मुक्कामाला परवानगी नाही.

भंडारदऱ्याचं थोडक्यात

प्रवरेवरचं विल्सन डॅम, १९२६ ला पूर्ण झालेलं, त्याचं पाणी म्हणजे आर्थर लेक. इगतपुरीजवळच्या घोटीहून आत जायचं. शेंडीहून बोटीने रतनवाडीला जाता येतं, तिथे अमृतेश्वराचं कोरीव देऊळ आहे, जाताना समोर रतनगड. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे. काजवे बघताना गाडीचे हेडलाइट बंद, फोनचा फ्लॅश बंद, झाडाला हात नाही, झाडाखालच्या मातीत पाय नाही, कारण मादी जमिनीलगत असते आणि पायाखाली जाते. डोळे अंधाराला सरावायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोपर्यंत गप्प उभे रहा, मग अख्खं झाड एका ठेक्यात उजळतं आणि विझतं.

तेवढं बघून झालं की सीझन संपला. मृगाचा पाऊस पडला की बोटवाले बोटी दोरीने वर ओढून पालथ्या घालतात, इंजिनं उतरवून घरात नेतात. तुम्हीही जॅकेट गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, उन्हात फोम खराब होतो, बक्कलात अडकलेला गाळ जुन्या टूथब्रशने काढा, पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात ठेवू नका नाहीतर बुरशी धरते. टेंटचंही तेच. आणि जुलैपासून पुन्हा पेपरात टक्केवारी बघायला सुरुवात करा.